नाहूरची तिसरी फेरी

विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा, नाहीतर पान उलटून पुढे जा. पण हे कुणीतरी रचलंय असं मात्र म्हणू नका. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. लतामावशीच्या.

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. डिसेंबर महिना. जागा नाहूर, स्टेशनच्या पूर्वेला, जिथे तेव्हा चाळी संपल्या की थेट मिठागरं लागायची.

आणि वेळ मध्यरात्रीची वगैरे नव्हती हां. दिवेलागणीची होती. भुतं रात्री बारालाच येतात असं ज्याने सांगितलं, त्याला भूत कधी भेटलेलंच नसणार.

आधी मावशीबद्दल सांगते. आमचं घर बौद्धांचं, मूळचं नगरकडचं. माझ्या आजोबांनी घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने काढला होता. अंगारा, धुपारा, नजर, भानामती, असलं काही घरात कुणी बोललं की आजोबा ताटावरून उठायचे. त्यांच्या चारही पोरींत लता सगळ्यात फटकळ. एकदा शेजारणीच्या अंगात आलं तर हिने सरळ विचारलं, "येतेस ती रोज साडेपाचला, नळाची वेळ झाल्यावरच कशी गं?"

सांगायचं काय, तर घाबरणाऱ्यातली ती नव्हे.

तेव्हा ती घाटकोपरला राहायची. नवरा राजाराम विक्रोळीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. घरी ती, सासू आणि पाच महिन्यांचा भीमराज. आणि हा भीमराज म्हणजे एक नंबरचा हट्टी. बाटली तोंडाला लावली की थुंकायचा. वाटी-चमचा उडवून लावायचा. गाईचं नाही, म्हशीचं नाही, डब्याचं नाही. आईचं दूध, नाहीतर उपाशी.

म्हणून मावशी कुठेही असली तरी दिवस मावळायच्या आत घरी यायचीच. भीमराज तोपर्यंत कसाबसा कळ काढायचा. त्यानंतर मात्र रडून निळा पडायचा. एकदा उशीर झाला तर श्वासच धरला होता पोराने. तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला होता.

आता तिचं काम. तेही नीट ऐका, कारण सगळं त्या कामामुळेच झालं.

उपनगरातल्या एका बाळंतपणाच्या सरकारी इस्पितळात (नाव घेत नाही) एक नोंदवही असायची. किती बाळंतपणं झाली, मुलगा की मुलगी, वजन किती, आई-बाळ कसे आहेत. एका मेडिकल कॉलेजच्या प्रोफेसरबाईंनी ती वही चाळली आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. शेवटच्या रकान्यात पानाच्या वरच्या ओळीला लिहिलेलं, ‘दोघे सुखरूप’. आणि खाली पानभर नुसती दोन-दोन टिंबं. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे… अख्ख्या पावसाळ्यात एक बाई दगावली नाही, एक पोर गेलं नाही. मुंबईत असं होतं का कधी?

मग त्यांनी ठरवलं, यातली थोडी नावं काढायची आणि घरोघर माणूस पाठवून खरं-खोटं करायचं. त्या कामाला मावशी लागली होती.

नियम कडक होते. मावशीला फक्त नाव आणि पत्ता मिळायचा. वहीत काय लिहिलंय ते तिला सांगायचे नाहीत, म्हणजे तिच्या मनात आधीच काही बसायला नको. शेजारणीने सांगितलेलं चालायचं नाही. बाईला स्वतः भेटायचं, तिच्याच तोंडून उत्तर घ्यायचं. बाळ डोळ्यांनी बघायचं आणि वजनसुद्धा करायचं. त्यासाठी पिशवीत एक घड्याळासारखा गोल काटा आणि त्याला लटकवायची कापडी झोळी.

आणि दोनदा दुपारी दार बंद मिळालं, तर तिसरी फेरी संध्याकाळी मारायची. सगळे घरी असतात म्हणून.

नाहूरच्या त्या चाळीतली शेवटची खोली दोनदा बंद मिळाली होती. चिठ्ठीवर नाव होतं, जानकी दत्ताराम परब.

साहेब होते चंद्रप्रकाश म्हणून. मावशीने त्यांना सांगून बघितलं की संध्याकाळची फेरी दुसऱ्या कुणाला द्या, माझं पोर भुकेलं असतं. साहेब म्हणाले, लता, वाटेवरच तर आहे, पाच मिनिटांचं काम. उरकून टाक.

पाच मिनिटांचं काम.

ती पोचली तेव्हा सूर्य मिठागरांपलीकडच्या खाडीत नाही, उलट बाजूला टेकडीमागे गेला होता आणि पाण्यावर थोडा उजेड उरला होता. बैठी चाळ. बायका बाहेर तांदूळ निवडत, पोरं ओरडत, कुठेतरी बांगडा तळल्याचा वास. शेवटच्या खोलीपाशी मात्र कुणी नव्हतं.

दार किलकिलं होतं.

मावशीला हायसं वाटलं. तिने हाक मारली आणि आत पाय टाकला.

आता बाळंतिणीचं घर लांबूनच कळतं. दोरीवर लंगोट, दुपटी. शेगडीचा धूर, ओवा, शेपा, तेलाचा वास. इतकी घरं फिरल्यावर मावशीला तर वासावरून दार सापडायचं.

इथे दोरी रिकामी होती.

वास कसलाच नव्हता.

आत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर. मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी. समोर एक पणती, तीही विझलेली.

"जानकी परब का? मी सर्व्हेवाली. बाळाचं वजन करायचंय, लगेच निघते," मावशी म्हणाली.

बाईने मान हलवली. वळली नाही.

मावशीने कागद काढला आणि खाली बसली. घरी बाकी कोण, तर सगळी गावाक. नवरा कुठे, तर गावाक. गिरण्या बंद पडल्यापासून अशी कितीतरी घरं तिने बघितली होती, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण बाळंतीण बाई एकटी? पाणी द्यायलासुद्धा कुणी नाही? तिने सहज माठाकडे पाहिलं. माठ कोरडा ठणठणीत. त्यात कोळ्याचं जाळं होतं.

"बाळंतपण कुठे झालं, ताई? घरी की इस्पितळात?"

बाईने पदर आणखी पुढे ओढला. मग अगदी हळू म्हणाली, "थय… मगे वाटेरच रवलंय."

तिथे. मग वाटेवरच राहिले.

मावशीला अर्थ लागला नाही. कागदावर चौकोन दोनच होते, घर आणि इस्पितळ. वाटेला चौकोन नव्हता. नाव इस्पितळाच्या वहीतून आलं होतं, म्हणून तिने इस्पितळावर खूण केली. काम उरकायचं होतं ना. छातीत दूध भरून आलं होतं, दुखत होतं.

"मूल जिवंत आहे?"

"ह्या काय. हय आसा."

आहे म्हणे. खूण.

मग मावशीने बाळ मागितलं. बाईने न वळताच मागे हात करून दिलं.

मावशीला पहिल्यांदा खटकलं ते तेव्हा. कारण यादीतली सगळी मुलं पावसाळ्यातली होती. भीमराजच्या आगेमागेची, मान धरणारी, हसणारी असायला हवी होती. आणि हे… हे तर आत्ता जन्मल्यासारखं. मिटलेले डोळे, सुरकुतलेलं कपाळ.

"केवढं झालं हे?" तिने विचारलं.

"आज पाचवी."

वहीत तारीख चुकली असणार, मावशीने मनात म्हटलं. दोन जानक्या असतील, पत्ता चुकला असेल. बिचारीच्या अंगवळणी पडलं होतं हो… समोर काही विचित्र दिसलं की ती आधी नोंदीतली चूक शोधायची.

वर वाशाला पाळण्याचा हूक होता. तिने काटा त्याला अडकवला, झोळी लावली, बाळ झोळीत ठेवलं.

काटा हलला नाही.

तिने काट्यावर टिचकी मारली. झोळी खाली ओढून बघितली, तर काटा पार पुढे गेला आणि परत शून्यावर. काटा चांगला होता. पुन्हा बाळ ठेवलं.

शून्य.

झोळीत बाळ दिसत होतं. कापड ताणलेलंसुद्धा नव्हतं.

मावशी म्हणाली, "काटा बिघडलाय वाटतं, मी उद्या येते." बाळ उचलून आईच्या मागे चटईवर ठेवलं, काटा तसाच टांगता ठेवून पिशवी घेतली आणि दाराकडे वळली.

दार बंद होतं.

कुणी उठलं नव्हतं. कडीचा आवाज नाही, बिजागरीचा नाही. किलकिलं होतं ते दार आता फटीशिवाय बंद होतं. आतली कडी तर मोकळीच लोंबत होती. मावशीने ओढलं. मग ढकललं. मग खांदा लावला. बाहेरून कुलूप घातल्यावर लागतं तसं ते घट्ट लागत होतं.

"ताई, दार अडकलंय."

"दिवो लागलो काय भायर जावचा नसता," बाई म्हणाली. "आज पाचवी."

कोकणातल्या बायकांकडून मावशीने हे ऐकलं होतं. पाचवीच्या संध्याकाळी सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. दिवा लागल्यावर घरातलं माणूस बाहेर जात नाही, घरातली वस्तू बाहेर देत नाहीत, सगळे जागतात. आमच्यात हे काही नाही. मावशीने तेच सांगितलं. म्हणाली, ताई, मी हे मानत नाही, माझी वाट सोडा. तिचा आवाज मात्र चिरकला.

आणि मग तिच्या लक्षात आलं…

बाहेरचा आवाज बंद झाला होता.

पोरं नाहीत. तांदळाची सुपं नाहीत. एवढी चाळ भरलेली, आणि एक भांडं वाजेना. मिठागराच्या कडेला राहणाऱ्या माणसाला डासांशिवाय संध्याकाळ माहीत नसते. इथे एक डास नव्हता.

मावशी दारावर मुठी आपटायला लागली. उघडा, कुणीतरी उघडा, मी सर्व्हेवाली आहे, माझं पोर घरी भुकेलं आहे. घसा बसेस्तोवर ओरडली. आपलाच आवाज तिला रजईतून आल्यासारखा ऐकू येत होता. खिडकी होती एक, पण तिला आतून फळ्या ठोकलेल्या. नखं तुटली, फळी हलली नाही.

तिला फक्त भीमराज दिसत होता. आता उठला असेल. आता तोंड हलवत असेल. आता आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, बाटली लावली असेल आणि त्याने थुंकली असेल. आता श्वास धरेल.

ती रडायला लागली. सरळ त्या बाईच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि हात जोडले. आयुष्यात कुठल्या देवापुढे हात न जोडलेली बाई ती. म्हणाली, जाऊ दे गं मला. माझं लेकरू आहे घरी.

तेव्हा पहिल्यांदा त्या बाईने स्वतःहून तोंड उघडलं.

"झील काय चेडू?"

मुलगा की मुलगी. मावशी म्हणाली, मुलगा.

"केवढो?"

पाच महिन्यांचा.

"नाव काय?"

मावशीने नाव सांगितलं.

"कोणाचा पिता? घराकडे कोण असता? खय रवतास?"

आणि मावशी सांगत गेली. फक्त माझंच पितो. घरी म्हाताऱ्या सासूबाई आहेत. घाटकोपरला, हायवेच्या बाजूला, कॉलनीत, पिंपळाच्या अलीकडची गल्ली. सगळं सांगितलं. वाटलं, बाईच आहे, द्रवेल. रोज दारोदार जाऊन हेच प्रश्न ती दुसऱ्यांना विचारत होती. आज तिला कुणीतरी विचारत होतं आणि ती एकेका प्रश्नाचं खरं-खरं उत्तर देत होती.

बाई ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या पोराक पण भूक लागली हा. पाज त्येका."

नाही म्हणायला मावशीने तोंड उघडलं…

आणि बाळ रडलं.

आता हे पुरुषांना सांगून कळायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला कुठलंही तान्हं रडलेलं ऐकू आलं, की मन नाही म्हणो नाहीतर हो म्हणो, पान्हा फुटतो. तिचा इलाज नसतो. मावशीचं पोलकं भिजलं. भीतीने दातखीळ बसायची वेळ, आणि अंगातून दूध वाहत होतं.

बाळ रडतच होतं. कोरडं, बारीक, संपत आलेलं रडणं.

मावशीने ते उचललं. मला म्हणाली, "माझ्या हाताने उचललं गं, मी नाही."

तोंड इतकं थंड होतं की तिचा श्वास अडकला. पण ते ओढायला लागलं. अधाशासारखं. थोड्या वेळाने तोंड कोमट झालं. मग पाय हलले. मग मांडीवर हळूहळू भार यायला लागला.

मावशीने मान वर केली.

कोपऱ्यात कुणी नव्हतं.

पणती होती, चटई होती. बाई नव्हती. दार तसंच बंद, खिडकीला तशाच फळ्या. त्या बंद खोलीत मावशी होती आणि ते पोर होतं, बस.

तिने धडपडत उठून बाळ पुन्हा वाशाला लटकणाऱ्या झोळीत ठेवलं, दोन्ही हात दारावर आपटायला मोकळे व्हावेत म्हणून. मागे काटा करकरला.

काटा पुढे सरकला होता. झोळी खाली ओढली गेली होती.

मावशीने किती वेळ दार बडवलं, बाळ पुन्हा कधी उचललं, पुन्हा कधी पाजायला घेतलं, तिला सांगता येत नाही. यापुढचं तिला दुसऱ्या बाईकडून कळलं. ती शेजारची रत्नप्रभा.

रत्नप्रभा पॅकिंगच्या कामाला जायची, दिवस बुडल्यावर घरी यायची, म्हणून दुपारच्या फेऱ्यांत मावशीला कधी भेटली नव्हती. त्या दिवशी ती घरी आली आणि तिला शेवटच्या खोलीतून धडधड ऐकू आली. चाळीतल्या सगळ्यांनीच ऐकली. पोरांना आत घेऊन सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. कारण त्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. बाहेरून. भाद्रपदापासून.

किल्ली रत्नप्रभाकडेच होती. तिची पाचावर धारण बसली होती. पण आतून शब्द आले, माझं पोर घरी भुकेलं आहे. ती म्हणाली, भूत असतं तर असं रडलं नसतं. तिने कंदील घेतला आणि कुलूप काढलं.

आत धुळीत एक बाई बसलेली. पोलकं उघडं, दूध पोटावरून ओघळतंय. हातांचा पाळणा केलेला आणि ती झुलतेय.

हात रिकामे.

मावशीने कंदिलाकडे बघून डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हळू. आत्ता झोपलंय."

रत्नप्रभाने तिला धरून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं आणि ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. जानकी इस्पितळात बाळंत झाली. रक्त थांबेना. मोठ्या हॉस्पिटलला न्या म्हणून त्यांनी टॅक्सीत घातली, सोबत बाळ. दोघंही वाटेतच गेली. इस्पितळवाल्यांनी म्हटलं, आमच्याकडून जिवंत गेली. मोठ्या हॉस्पिटलने म्हटलं, आमच्याकडे जिवंत आलीच नाही. तिचं मरण कुठेच लिहिलं नाही कुणी. नवऱ्याने, दत्तारामने, कुलूप घातलं आणि गाव गाठलं. पाचवी पुजायलासुद्धा पोर राहिलं नाही.

मावशीने अर्धं ऐकलं आणि उठून पळत सुटली. हायवेवर बस मिळाली. खिडकीला डोकं लावून ती एकच घोकत होती, श्वास घे रे बाळा, श्वास घे.

गल्लीत शिरली तेव्हा तिने कान दिला.

रडणं नव्हतं.

घरातून काहीच आवाज नव्हता. उंबऱ्यापर्यंतची दोन पावलं तिला टाकता येईनात.

आत सासू निवांत भाकरी थापत होती. भीमराज झोळीत गाढ झोपलेला. तोंडाच्या कडेला दूध सुकलेलं.

"आत्या… पोराने काय घेतलं?"

सासू चकित होऊन बघायला लागली. "असं काय इचारतीस? आत्ता तर पाजून गेलीस की."

मावशी झोळीपाशी खाली बसली.

"दिवा लावत व्हते तवा आलीस. एक शब्द नाय बोललीस. भिताडाकडं तोंड करून बसलीस, डोईवरनं पदर घेऊन. म्हटलं, आज पोरीला काय झालं, कधी डोईवर पदर घेत नाय. पोरगं घटाघटा प्यालं. मी म्हटलं, च्या घे, तर मान हलवलीस." म्हातारी थांबली. हातातली भाकरी तशीच राहिली. "प्यायचं झालं तरी खाली ठेवंना झालीस. दे म्हटलं इकडं, तर सोडायला तयार नायस. शेवटी वढून घ्यावा लागला गं. लई जोर लावावा लागला."

मावशीने भीमराजला उचललं, छातीशी धरलं. त्याने झोपेतच तोंड फिरवलं. पोट भरलेलं होतं.

तिने त्याचं सगळं अंग चाचपलं. दंडावर बोटांचे वळ होते. एका बाजूला सासूचे. दुसऱ्या बाजूचे कुणाचे, ते विचारू नका.

नोकरी अर्थातच सुटली. मावशी फक्त एकदा ऑफिसात गेली, पिशवी परत करायला. चंद्रप्रकाश साहेबांनी तिचा कागद वहीशी ताडून बघितला होता. बाळंतपण इस्पितळात, बरोबर. मूल जिवंत, बरोबर. आई प्रत्यक्ष भेटली, बरोबर. ते खूश होते. मावशीने त्यांना रत्नप्रभाने सांगितलेलं सगळं सांगितलं. साहेब वही मिटून म्हणाले, लता, शेजारणीचं सांगणं आपल्याला धरता येत नाही, तुला माहीत आहे. तू स्वतः भेटलीस ना? बाईच्या तोंडून घेतलंस ना?

घेतलं होतं. त्यांनी शेरा मारला, ‘जुळले’. म्हणजे ती बाई पहिल्यांदा खोटी जिवंत लिहिली गेली, आणि दुसऱ्यांदा माझ्या मावशीच्या हस्ताक्षरात.

भीमराज अंगावर पीत होता तोवर मावशीने दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडला नाही. नळाला नाही, दुकानात नाही, सख्ख्या भावाच्या हळदीलासुद्धा नाही. सासरच्या-माहेरच्या सगळ्यांनी तिची चेष्टा केली. आजोबा तर दोन वर्षं बोलले नाहीत तिच्याशी. ती म्हणायची, मी काही मानत नाही. पण मी इथून हलणार नाही. पोराला मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसायची. आत कोंडून घेतलेली बाई, स्वतःच्याच घरात.

भीमराज आता बँकेत आहे. धट्टाकट्टा. त्याला हे सांगितलं की तो हसतो.

आम्ही सगळ्यांनी ही गोष्ट इथपर्यंतच ऐकली होती. उरलेलं मावशीने फक्त मला सांगितलं, माझी मुलगी झाली तेव्हा. ती मला बघायला आली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मुलीला तिने मांडीवर आडवी घेतली होती आणि थोपटत होती.

"आत्या म्हणाल्या ना, ती सोडायला तयार नव्हती म्हणून," मावशी एकदम म्हणाली. "मी तरी कुठे होते? रत्नप्रभाने दार उघडलं ना, तेव्हा मला आधी राग आला. वाटलं, कशाला आली ही. मला बाहेर यायचंच नव्हतं गं. भीमराज आठवत नव्हता मला. त्याचं नावसुद्धा आठवत नव्हतं."

तिचे डोळे भरले होते. ते भीतीने नव्हते भरले, एवढं मला कळलं. आणि त्याचीच मला भीती वाटली.

बाहेर दिवे लागत होते. मुलगी चुळबुळ करायला लागली, तिची प्यायची वेळ झाली होती. मी हात पुढे केले.

मावशीने तिला लगेच दिली नाही.